विमा मिळत नाही म्हणून घर पाडायचे का?

पत्राचा सारांश : वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणाऱ्या वाचक भगिनींचे माहेर रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, सागवानी खांब आणि कौलारू छप्पर असलेले ते घर चार पिढ्यांचे असून वडिलांच्या निधनानंतर बहीण-भावाच्या सामाईक नावावर आले आहे. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मागची पडवी आणि छपराचा एक भाग गेला, तेव्हापासून तेथे ताडपत्री टाकलेली आहे. भाऊ नोकरीनिमित्त शहरात राहतात, त्यामुळे घर बहुतेक काळ बंद असते. दुरुस्तीसाठी त्यांनी कर्ज मागितले, तेव्हा बँकेने घराचा विमा उतरवण्याची अट घातली. विमा एजंटाचे म्हणणे असे की, एवढ्या जुन्या कौलारू घराचा विमा होत नाही. स्लॅब टाका, नाहीतर अर्जात ‘आरसीसी बांधकाम’ असे लिहून टाकतो. भावाने आता घर पाडून नवे बांधण्याचे ठरवले असून बहिणीकडे हक्कसोडपत्र मागितले आहे. सासरी सांगतात, “आपल्याच वाड्याचे कवेलू फेरायला पैसा पुरत नाही, तिकडच्या घरासाठी जीव कशाला जाळता?” सही करावी की अडवून धरावे, असा भगिनींचा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या पत्रात बँकेला विमा हवा, या घराला विमा मिळत नाही, म्हणून घर पाडावे, अशी तीन विधाने एकापाठोपाठ येतात आणि तिसरे विधान पहिल्या दोहोंतून आपोआप निघते असे तुम्ही, तुमच्या भावाने आणि त्या एजंटानेही गृहीत धरलेले दिसते. मला मात्र दुसऱ्या विधानाबद्दल मोठी शंका आहे, आणि ते तपासल्याशिवाय सहीच्या प्रश्नाकडे वळणे घाईचे होईल.

बँकेची अट योग्य आहे. राहत्या घराचा विमा काढलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. पण घर तारण ठेवून कर्ज देताना तारण सुरक्षित असावे असे बँकेने म्हणणे स्वाभाविक आहे आणि ती अट कर्जाच्या करारात येते. बँकेने सुचवलेल्याच कंपनीकडून विमा घेण्याचे बंधन मात्र तुमच्यावर नसते. एका कंपनीच्या एजंटाने नकार दिला म्हणून वाट बंद झाली, असे म्हणूनच होत नाही.

त्यातही, एजंटाचे बोलणे हा कंपनीचा निर्णय नव्हे. प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे कंपनी ठरवते आणि त्यासाठी तिच्यापुढे रीतसर भरलेला प्रस्तावअर्ज जावा लागतो. तुमच्या पत्रावरून असा अर्ज गेलाच नसावा असे दिसते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर आणि दरड कोसळणे यांमुळे झालेले नुकसान तिच्या मूळ संरक्षणातच धरलेले आहे. अर्जात भिंती, जमीन आणि छप्पर कशाचे आहे हे विचारतात. विमा व्यवसायात ‘कच्चे बांधकाम’ म्हणून जे वेगळे काढले जाई, त्यात गवत, पाने, बांबू, लाकडी फळ्या, कापड, ताडपत्री अशा वस्तूंच्या भिंती अथवा छपरे मोडत. जांभ्याच्या भिंती आणि मातीची भाजलेली कौले त्या वर्णनात बसत नाहीत. बसते ती तुमच्या मागच्या पडवीवरची ताडपत्री, आणि ती आता एवढी वर्षे तेथे आहे. कंपनीचा माणूस पाहणीला आला तर त्याचे लक्ष घराच्या वयापेक्षा त्या ताडपत्रीकडे आधी जाईल.

एजंटाच्या दुसऱ्या सूचनेबद्दल मी अत्यंत स्पष्ट बोलणार आहे. कौलारू घराला अर्जात आरसीसी म्हणून दाखवू नका आणि तसे लिहिलेल्या कागदावर तुमची वा भावाची सही होऊ देऊ नका. विम्याचा करार उभयपक्षी पूर्ण सचोटीवर उभा असतो. महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचे उघड झाले तर कंपनी दावा नाकारू शकते, आणि ते उघड होते ते नुकसानीनंतर सर्वेक्षक घरी येतो तेव्हाच. तोवर तुम्ही वर्षानुवर्षे हप्ते भरलेले असतात, बँकेचे कर्ज डोक्यावर असते आणि छप्पर अंगणात पडलेले असते. अशा पॉलिसीने बँकेची फाइल पूर्ण होते. घराचे रक्षण काडीचेही होत नाही. “सगळे असेच लिहितात” हे उत्तर आपल्या विदर्भातही सर्रास ऐकू येते, म्हणून हा इशारा तुमच्याबरोबर इतर वाचकांसाठीही आहे.

मग कंपन्या अशा घरांबाबत का कचरतात? त्यांची कारणे समजून घेतली तर त्यांतली बरीचशी दूर करता येतात. लाकूडकाम असलेल्या घरात त्यांना पहिली भीती आगीची असते आणि ती बहुधा जुन्या वायरिंगमुळे असते. कापडी आवरणाच्या तारा आणि फ्यूजच्या जागी परवानाधारक वायरमनकडून नवे वायरिंग, एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारे स्विच) आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवून त्याचा दाखला घेतला, तर प्रस्तावाला वजन येते. दुसरी भीती आधीच्या नुकसानीची असते. झीज, वाळवी, देखभालीचा अभाव यांतून झालेली हानी विम्यात येत नाही, आणि न दुरुस्त केलेले छप्पर पुढच्या वादळात गेले तर हानी वादळाची की दुर्लक्षाची हा वाद ठरलेलाच. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विमा उतरवलेले घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामे राहणार असेल तर तसे कंपनीला लेखी कळवून तिची संमती घ्यावी लागते, नाहीतर संरक्षणच धोक्यात येते. बंद घरात गळती दिसत नाही, कौल सरकलेले कळत नाही आणि आग लागली तर पहिली हाक मारणारा कोणी नसतो, हा अनुभव त्या अटीमागे आहे.

येथे तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाला हात घालावा लागतो. तुम्ही लिहिता की, विम्याच्या अटीमुळे घर जाणार. मला पत्र वाचून वाटले की, घर जाऊ लागले ते चक्रीवादळानंतर ताडपत्री पडली आणि कोणी राहायला उरले नाही तेव्हापासून; विम्याने तो प्रश्न फक्त कागदावर आणला. या घरात वर्षातून किती दिवस कोण राहणार आणि बाकीच्या दिवसांत किल्ली कोणाकडे असणार, हे तुम्हा दोघांना बँकेने वा कंपनीने विचारण्याआधीच ठरवायला हवे होते. शेजारच्या विश्वासू कुटुंबाला मोबदला ठरवून आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडणे आणि पावसाळ्यात छताखालून फेरी मारणे एवढे काम दिले, तरी घराचे आयुष्य वाढते. विमा कंपनीला द्यायच्या पत्रात ती व्यवस्था नमूद करता येते.

आपल्या भागात विमा म्हटले की पीकविमा आठवतो आणि पाठोपाठ मन कडवट होते, याची मला जाणीव आहे. शेतातला कापूस डोळ्यांदेखत गेला, पण मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाचे सरासरी उत्पादन योजनेने ठरवलेल्या उंबरठा उत्पादनापेक्षा वर आले म्हणून हाती काही पडले नाही, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. तुमच्या सासरच्या मंडळींच्या नाराजीत हा अनुभवही मिसळलेला असू शकतो. घराच्या विम्याची रचना निराळी आहे. तेथे महसूल मंडळाची सरासरी नसते. तुमच्याच घराचे, तुमच्याच नुकसानीचे मोजमाप होते. म्हणूनच तुमच्याच घराच्या नोंदी, छायाचित्रे आणि पावत्या निर्णायक ठरतात, आणि त्या तयार करणे पूर्णपणे तुमच्या हातात असते.

विम्याची रक्कम ठरवतानाही चुका होतात. जागेसह घराला बाजारात जी किंमत येईल तिच्याशी या रकमेचा संबंध नाही, कारण जमीन वादळात वाहून जात नाही. चटईक्षेत्र आणि बांधकामाचा चालू दर यांचा गुणाकार करून ते घर पुन्हा बांधण्याचा खर्च काढतात. उदाहरणादाखल १,२०० चौरस फूट आणि २,००० रुपयांचा दर धरला तर २४ लाख रुपये होतात. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत ही रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. परंतु कोरीव सागवानी खांब, जुना झोपाळा अथवा नक्षीदार दरवाजा आज नव्याने घडवायचा तर साध्या बांधकामाचा दर पुरणार नाही. म्हणून अशा प्रत्येक भागाचे वर्णन, माप आणि छायाचित्र जाणकार वास्तुविशारदाच्या मूल्यांकनासह प्रस्तावाला जोडावे आणि ते पॉलिसीत कसे धरले जाणार हे लेखी विचारावे. पॉलिसीवर दोन्ही सहमालकांची नावे असावीत. कर्ज असेपर्यंत बँकेचेही नाव येते आणि दाव्याच्या पैशावर पहिला अधिकार बँकेचा असतो, हे तुम्हा दोघांना आधीच ठाऊक असलेले बरे.

आता स्लॅबविषयी. स्लॅब म्हणजे निर्धास्त, हा समज आपल्याकडच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाचा असेल तर समजू शकतो. किनाऱ्यावर तो तपासून घ्यावा लागतो. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या सळ्या गंजवतात, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. म्हणूनच काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी भागाला तीव्र परिस्थितीत धरून किमान एम ३० दर्जाचे काँक्रीट आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. गावपातळीवरच्या किती घरबांधणीत हे पाळले जाते, याची चौकशी भावाने ठेकेदाराकडे अवश्य करावी. चांगले काँक्रीट चांगलेच असते, माझा त्याला विरोध नाही. परंतु काटकसरीने टाकलेला किनाऱ्यावरचा स्लॅब काही दशकांत तुमच्या भाच्यांपुढे नवे संकट म्हणून उभा राहील, आणि पाडलेला जांभा व साग तेव्हा परत आणता येणार नाही.

पाडण्याआधी पाहायची याहून तातडीची गोष्ट म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणारी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनारी भागात लोकवस्तीच्या घनतेप्रमाणे भरतीरेषेपासून ५० अथवा २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. त्या पट्ट्यात आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते, पण असलेल्या जोत्याच्या क्षेत्रफळात आणि असलेल्या चटईक्षेत्र निर्देशांकातच, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत आज जेवढे बांधकाम आहे तेवढ्यातच. तुमचे घर त्या पट्ट्यात येत असेल तर भावाच्या मनातले वाढीव, दोन मजली घर तेथे उभे राहणे अवघड आहे. शिवाय आज उभे असलेले घर हाच ‘येथे अधिकृत बांधकाम होते’ याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. तो आधी पाडून मग परवानगी शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती फक्त ग्रामपंचायतीचा जुना उतारा राहतो. म्हणून मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर घराचे स्थान तपासल्याशिवाय, आणि जोत्याच्या मोजमापासह ग्रामपंचायतीचे असेसमेंट उतारे व मालमत्ता पत्रक हाती आल्याशिवाय, एकही कौल काढू देऊ नका.

दुरुस्तीचा खर्च खरोखर किती येईल, याचा अंदाजही तुम्हा दोघांपैकी कोणी घेतलेला दिसत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा कौलेच नव्हे, पत्र्यांची छपरेही उडाली. कारण वारा छपराला वरून दाबत नाही, कडेने आणि वळचणीखालून उचलतो. त्यामुळे कौलारू छप्पर वाऱ्याला बळकट करायचे तर वळचणीच्या आणि कडेच्या रांगांतली कौले गंजरोधक तारेने वा स्क्रूने रिपांना जखडणे, आढ्यावरचे कोने पक्के बसवणे, वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीवरच्या लाकडी पाट्याला बांधणे आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवणे, अशी कामे करावी लागतात. पडवी वेगळी ठेवण्याचा हेतू असा की, ती गेली तरी तिच्याबरोबर घर जाऊ नये. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढवण्याचा मोह टाळावा, कारण तो ओल आत कोंडतो. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. जुन्या घरांचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घेतली तर त्याचा अहवाल बँकेला, विमा कंपनीला आणि भावालाही एकाच वेळी उपयोगी पडेल. त्याची फी हा या सर्व प्रकरणातला पहिला खर्च असावा आणि ती निम्मी तुम्ही द्यावी, असे मला वाटते.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. तुम्ही दूर आहात, घरावर तुमचे प्रेम आहे आणि कायद्याने तुमचा हिस्साही भावाइतकाच आहे. पण एवढी वर्षे गळतीचे फोन भावाने घेतले, तलाठ्याच्या पंचनाम्याला तोच उभा राहिला, बँकेचे उंबरठेही तोच झिजवतो आहे. त्याला घर नकोसे झाले आहे असे तुमच्या पत्रात कोठेही दिसत नाही. तो थकला आहे असे दिसते. नुसती सही रोखून धरली तर घर पडणार नाही, पण दुरुस्तही होणार नाही, आणि दर पावसाळ्याला ते थोडे थोडे तुमच्या नकारातच पडत राहील. उलट हक्कसोडपत्र ही परत न फिरवता येणारी गोष्ट आहे आणि नातेसंबंधातल्या एका ताणापायी ती करू नये. मधला मार्ग असा सुचवते की, सहा महिने कोणताही कायमचा दस्त न करता, अभियंत्याचा अहवाल, दोन तरी विमा कंपन्यांचे लेखी निर्णय आणि किनारा नियमनाची स्थिती या तीन गोष्टी दोघांनी मिळून, सारख्या खर्चाने जमवाव्यात. तुमच्या सासरी हे सांगताना रक्कम ठरवून सांगा. अमर्याद खर्चाची धास्ती माणसाला नाही म्हणायला लावते, ठरलेल्या रकमेवर बोलणी होऊ शकतात.

अहवालानंतरही दुरुस्ती आवाक्याबाहेर ठरली तर ओटी, माजघर एवढा मूळ भाग राखून मागच्या बाजूला जोत्याच्या मर्यादेत नवे बांधकाम करण्याचा विचार करता येईल. काही कुटुंबे अशा घरात पर्यटकांसाठी निवास व न्याहारीची सोय करतात. त्यातून उत्पन्न येते आणि घर उघडे राहते. मात्र तसे केल्यास घरगुती पॉलिसी चालणार नाही, वापर बदलल्याचे कंपनीला सांगून व्यवसायाची पॉलिसी घ्यावी लागेल. आणि भिंतीच खचल्या आहेत असा अभियंत्याचा निष्कर्ष आला, तर घर उतरवण्याला संमती देणे हेच योग्य होईल. तेव्हा खांब, दरवाजे, तुळया मोजून, क्रमांक घालून नव्या घरात वापरण्याची अट मात्र लेखी घाला.

घराला वारसा वास्तू म्हणून नोंदवून घ्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे. गावातल्या खासगी घरांची अशी नोंद क्वचितच होते आणि नुसत्या नोंदीने विमा सोपा होत नाही. अमेरिकेत पूरविम्याच्या राष्ट्रीय योजनेत जुन्या किनारी घरांचे मोठे नूतनीकरण करताना ती पूररेषेच्या वर उचलण्याची अट असते, पण नोंदणीकृत ऐतिहासिक वास्तूंना, त्यांचे ऐतिहासिक स्वरूप टिकत असेल तर, त्या अटीतून सूट मिळते. विमा आणि वारसा यांना जोडणारा असा नियम आपल्याकडे व्हावा, असे मला मनापासून वाटते. तोवर घरोघरी नोंदी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

विदर्भातल्या ज्या वाचकांचे वाडे वैनगंगा, वर्धा वा पैनगंगेच्या काठावर आहेत, त्यांनी हे उत्तर परक्या किनाऱ्याचे समजू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या गावांत मातीच्या भिंती विरघळवल्या. ३० जुलै १९९१ च्या मोवाडच्या पुरात दोनशेहून अधिक माणसे गेली. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मूळ वेगाचा आकडा मुंबईला आणि नागपूरला एकच आहे, सेकंदाला ४४ मीटर. आणि शासकीय मदतीवर विसंबावे तर २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घरासाठी १,२०,००० रुपये धरलेले आहेत, ज्यात सागवानी वाड्याचा एक चौकही उभा राहत नाही. मातीच्या भिंतींचा विमा जांभ्याच्या भिंतींपेक्षा अवघड जातो, हे खरे. तेथे कंपनीचा लेखी नकार आला तर निदान वाड्यातल्या सामानाचा विमा स्वतंत्रपणे मिळतो का, ते विचारावे. कवेलू फेरण्याच्या दिवसांतच प्रत्येक खोलीची, आढ्याची, उधई लागलेल्या आणि न लागलेल्या तुळयांची तारखेसह छायाचित्रे काढून ती वाड्याबाहेर राहणाऱ्या नातलगाकडेही पाठवून ठेवावीत, कामाच्या पावत्या जपाव्यात.

दावा नाकारला गेला अथवा रखडला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नसते, मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ताई, तुमच्या बाबतीत तेथवर जाण्याची वेळ आज आलेली नाही. आज भावाला फोन करून एजंटाकडचा तो कोरा अर्ज परत मागवा, आणि भिंती जांभ्याच्या, छप्पर कौलांचे, घर अमुक महिने बंद, अमुक भाग दुरुस्तीखाली, असे जे आहे ते लिहून दोघांच्या सहीने तो दोन कंपन्यांकडे पोचपावतीसह पाठवा.